साडेसातला मरणारे जॉब आणि के-डिस्ट्रॉयनंतरही उघडणाऱ्या फाइली

प्रश्न थोडक्यात असा आहे. नाशिकच्या अंबड एमआयडीसीतल्या एका कंपनीच्या डिझाइन विभागात पंचवीसएक लिनक्स वर्कस्टेशन आहेत. फाइल सर्व्हर एनएफएसचा (नेटवर्कवरून फाइली वाटण्याची पद्धत), माउंट म्हणजे त्या फाइलींची मशीनवरची जोडणी कर्बेरॉसवर (मुदतीच्या तिकिटांवर ओळख पटवणारी यंत्रणा), युजर ॲक्टिव्ह डिरेक्टरीतले (मायक्रोसॉफ्टची खाती सांभाळणारी यंत्रणा). घरी जाताना लोक सिम्युलेशन लावून जातात आणि संध्याकाळी सात-आठच्या दरम्यान त्यातली बरीच 'परमिशन डिनाइड' म्हणून मरतात. सगळ्यांची नाही, आणि एकाच वेळीही नाही. दुसरीकडे, नोकरी सोडून चाललेल्या एकाच्या मशीनवर के-डिस्ट्रॉय (तिकिटं पुसणारी कमांड) मारलं, के-लिस्ट (तिकिटांची यादी) रिकामी दिसली, तरी त्याच टर्मिनलवरून प्रोजेक्टच्या फाइली उघडत राहिल्या. विचारणाऱ्याचे शब्द: "हवी तेव्हा चावी राहत नाही आणि काढून घेतली तरी जात नाही. नक्की बिघडलंय काय?"

बिघडलेलं काहीच नाही. दोन्ही तक्रारी एकाच गोष्टीच्या आहेत. के-लिस्टमध्ये दिसतं ते तिकीट, आणि फाइल उघडताना वापरली जाते ती चावी कर्नेलजवळ, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याजवळ, असते. ही दोन वेगळी माणसं आहेत म्हणा ना. एक मेलं म्हणून दुसरं लगेच मरत नाही, आणि एकाला नवं आयुष्य मिळालं हे दुसऱ्याला आपोआप कळत नाही.

आधी जॉबचं बघू. सर्व्हरच्या लॉगमध्ये शिरण्याआधी एक काम करा: एचआरकडून त्या आठवड्याची हजेरी मागवा. जो माणूस सकाळी ९.१२ ला मशीनवर बसला त्याचा जॉब संध्याकाळी ७.१२ च्या आसपास मेलेला दिसेल. जो पावणेदहाला आला त्याचा पावणेआठला. ॲक्टिव्ह डिरेक्टरीत तिकिटाचं मूळ आयुष्य १० तास असतं, कुणी मुद्दाम बदललं नसेल तर तुमच्याकडेही तेच असणार.

हे मला पुस्तकातून कळलं नाही. बारा-तेरा वर्षांपूर्वी सातपूरच्या एका कारखान्यात मी याच दुखण्यावर तीन आठवडे घालवले. स्विच बदलला, केबल बदलली, रात्री सात वाजता सर्व्हर रूममध्ये स्टूल टाकून बसलो. शेवटी प्लॅनिंगमधला एक जण सहज म्हणाला, "साहेब, ज्यांचे जॉब टिकतात ते सगळे डबा खायला खाली कॅन्टीनला जातात." मी हसलो, पण घरी जाताना सीबीएसच्या सिग्नलला डोक्यात प्रकाश पडला. कॅन्टीनला जाणारे स्क्रीन लॉक करून जातात. परत येऊन पासवर्ड टाकतात. त्या पासवर्डवर एसएसएसडी (लिनक्सवर लॉगिन सांभाळणारा प्रोग्रॅम) डोमेन कंट्रोलरकडून, म्हणजे ॲक्टिव्ह डिरेक्टरीच्या सर्व्हरकडून, नवं तिकीट आणतो, आणि दहा तास दीड वाजल्यापासून पुन्हा मोजले जातात. जे जागेवरच डबा उघडून बसायचे त्यांचं सकाळचं तिकीट संध्याकाळी संपायचं. तुमच्याकडे 'सगळ्यांचे मरत नाहीत' याचं कारण बहुधा हेच निघेल.

आता यंत्रणा आत कशी चालते ते जरा सावकाश सांगतो, कारण दुसऱ्या तक्रारीचं उत्तरही तिच्यातच आहे.

युजरने माउंटवरच्या फाइलीला पहिल्यांदा हात लावला की कर्नेल बघतो: या युआयडीसाठी (युजरच्या क्रमांकासाठी) या सर्व्हरबरोबर माझ्याकडे सुरक्षित संदर्भ आहे का? त्याला जीएसएस कॉन्टेक्स्ट म्हणतात. नसेल तर कर्नेल स्वतः कर्बेरॉस बोलत बसत नाही. तो कर्नेलबाहेर, युजर-स्पेसमध्ये, सतत चालू असणाऱ्या जीएसएसडी नावाच्या प्रोग्रॅमला (डेमनला) हाक मारतो. जीएसएसडी त्या युआयडीचं तिकीट शोधतो, त्याच्या जोरावर केडीसीकडून (तिकिटं देणारा सर्व्हर, इथे डोमेन कंट्रोलर) एनएफएस सर्व्हरसाठीचं सर्व्हिस तिकीट घेतो, सर्व्हरशी ओळखपाळख उरकतो, आणि त्यातून निघालेली सेशन की कर्नेलच्या हातात देऊन बाजूला होतो. पुढचा प्रत्येक वाचा-लिहाचा व्यवहार कर्नेल त्या चावीने करतो. माउंटच्या सेक्युरिटी सेटिंगमध्ये नुसतं 'केआरबी५' असेल तर ती चावी हेडरपुरती, शेवटी 'आय' लावला तर सगळ्या डेटाची मोहोर तपासली जाते, 'पी' लावला तर डेटा एन्क्रिप्टही होतो. तिन्हींत चावीचं आयुष्य मात्र सारखंच ठरतं: ज्या सर्व्हिस तिकिटावर ती बनली त्याची मुदत. आणि सर्व्हिस तिकिटाला मूळ टीजीटीच्या, म्हणजे लॉगिनला मिळालेल्या तिकिटाच्या, पलीकडची मुदत मिळत नाही. म्हणून दुपारी चारला पहिल्यांदा माउंटला हात लावला तरी ९.१२ च्या लॉगिनचा हिशेब ७.१२ लाच मिटतो. के-लिस्टमध्ये बघा, दोन्ही ओळींत शेवटची वेळ सेकंदापर्यंत सारखी दिसेल.

आता के-डिस्ट्रॉय काय करतं? तिकिटांची फाइल पुसतं. बस. तुमच्याच एमआयडीसीतलं उदाहरण घ्या. गेटवर आधार दाखवलं, वॉचमनने रजिस्टरमध्ये नाव आणि 'सायंकाळी ७.१२ पर्यंत' असं लिहिलं. आत गेल्यावर तुम्ही खिशातलं आधार फाडून टाकलं तर वॉचमन रजिस्टर खोडायला येत नाही. त्याला ते कळतही नाही. कर्नेलजवळचा कॉन्टेक्स्ट म्हणजे ते रजिस्टर. म्हणून के-लिस्ट रिकामी आणि फाइल उघडी, हे दोन्ही एकाच वेळी खरं असतं.

यावर उपाय आहे आणि तो कमी लोक वापरतात. एनएफएसच्या कॉन्फिग फाइलीत जीएसएसडीच्या भागात 'कॉन्टेक्स्ट-टाइमआउट' नावाची सेटिंग असते (कमांड लाइनवर डॅश-टी). ती सेकंदांत द्यायची. न दिल्यास कॉन्टेक्स्ट तिकिटाच्या मुदतीपर्यंत जगतो. मी ६०० देतो. म्हणजे दर दहा मिनिटांनी कॉन्टेक्स्ट नव्याने बनवावा लागतो आणि त्या वेळी तिकीट जागेवर नसेल तर दार बंद. "याने केडीसीवर भार येईल" असं कुणी म्हणालं तर घाबरू नका: सर्व्हिस तिकीट युजरच्या कॅशमध्ये (तिकिटांच्या साठ्यात) असेपर्यंत जीएसएसडी तेच पुन्हा वापरतो. पंचवीस मशीनला हे काहीच नाही.

पण नोकरी सोडणाऱ्याच्या बाबतीत एवढ्यावर विसंबू नका. डिरेक्टरीत खातं बंद केल्याने आधी दिलेली तिकिटं रद्द होत नाहीत. बंद केलं, मशीन रीबूट केलं आणि तिकिटाची फाइल गेल्याची खात्री केली, या क्रमाने करा. लॅपटॉप त्याच्या हातात असेल तर तो आधी ताब्यात घ्या, मग चहा पाजा.

जीएसएसडी तिकीट शोधतो कसा, यात बरेच खड्डे आहेत आणि मी जवळपास सगळ्यांत पडलोय. पहिली गोष्ट, हाक कर्नेलकडून येते, तुमच्या शेलकडून नाही. त्यामुळे स्क्रिप्टमध्ये कर्बेरॉस कॅशचा व्हेरिएबल एक्सपोर्ट करून 'या जॉबला हे तिकीट वापर' असं सांगितलं तर ते जीएसएसडीच्या कानावर जात नाही. कॅश फाइलरूपात असेल तर तो टेम्प फोल्डरमध्ये त्या युआयडीच्या मालकीच्या तिकिटांच्या फाइली बघतो आणि त्यातली सर्वांत ताजी उचलतो. म्हणजे चावी युआयडीगणिक असते, प्रोसेसगणिक नाही. एकाच युआयडीखाली दोन वेगळ्या ओळखींची तिकिटं ठेवणं म्हणजे एकाच घराच्या दोन दारांना एकच कडी लावण्यासारखं आहे. कोणतं दार बंद झालं ते नंतर कळतं.

दुसरी गोष्ट, एसएसएच, म्हणजे दुरून केलेलं लॉगिन. पासवर्डने लॉगिन केलं तर तिकीट येतं. पब्लिक कीने (पासवर्डऐवजी चावीच्या फाइलीने) केलं तर येत नाही, कारण तिकीट बनायला लागणारा पासवर्ड कुणी टाकलेलाच नसतो. तिकीट फॉरवर्ड केलं असेल तर गोष्ट वेगळी. गंमत म्हणजे होम डिरेक्टरीच जर कर्बेरॉस माउंटवर असेल तर पब्लिक की तपासायला लागणारी फाइलच वाचता येत नाही, आणि माणूस "काल चालत होतं" म्हणत फोन करतो. काल चालत होतं, कारण काल कर्नेलजवळ कालचा कॉन्टेक्स्ट जिवंत होता. क्रॉनची (ठरल्या वेळी आपोआप कामं चालवणाऱ्या सोयीची) गतही तीच: क्रॉनला तिकीट कुणी देत नाही, पण दिवसभर तोच युजर बसलेला असेल तर त्याच्या जिवावर क्रॉन चालतो आणि रविवारी पडतो. रविवारी पडणारा बॅकअप दिसला की मी सर्वांत आधी हेच तपासतो.

तिसरी, रूट, म्हणजे मशीनचा सर्वाधिकारी युजर. एनएफएसवर रूट सर्वशक्तिमान नसतो. रूटसाठी जीएसएसडी मशीनच्या की-टॅबमधली (चावी साठवलेल्या फाइलीतली) ओळख वापरतो आणि सर्व्हरच्या दृष्टीने तो बहुतेक वेळा कुणीच नसतो. मात्र रूट एसयू करून दुसऱ्या युजरच्या वेशात गेला की त्या युजरचा कॉन्टेक्स्ट त्याला आयता मिळतो. क्लायंट मशीनचा रूट कुणाकडे आहे याला म्हणूनच मी सर्व्हरच्या पासवर्डइतकं महत्त्व देतो. तुमच्या प्रश्नात ते आलेलं नाही, पण डिझाइनच्या पोरांकडे सुडो (रूटचे हक्क) असेल तर ते आजच काढा.

मुदत संपताना लिहिलेल्या डेटाचं काय होतं? जॉब मेला हे त्यातल्या त्यात बरं. जुन्या कर्नेलवर तो मरायचा नाही, नुसता लटकायचा, आणि त्याच्याबरोबर मशीनही. खरी भीती वेगळी आहे. प्रोग्रॅमने लिहिलं, कर्नेलने ते मेमरीत ठेवून 'झालं' म्हटलं, आणि सर्व्हरकडे पाठवायची वेळ आली तेव्हा चावी मेलेली. हे टाळायला कर्नेलमध्ये सोय आहे: चावी संपायला २४० सेकंद उरले की क्लायंट मेमरीत साठवत न बसता प्रत्येक लिखाण लगेच सर्व्हरवर ढकलायला लागतो, म्हणजे चूक असेल तर ती प्रोग्रॅमच्या तोंडावर कळेल. मरण्याआधीची चार मिनिटं जॉब एकदम मंद झाल्याचं कुणी सांगितलं तर ती ही मिनिटं. तरीही शेवटच्या फाइलीवर भरवसा ठेवू नका. बंद करताना आलेली एरर न बघणाऱ्या स्क्रिप्टा मी पुष्कळ पाहिल्यात, त्यात काही माझ्याच हातच्या.

हे सगळं दहा तास वाट न बघता डोळ्यांनी बघता येतं. चाचणीसाठी एक वेगळा युजर घ्या, के-इनिटला (तिकीट काढणाऱ्या कमांडला) डॅश-एल देऊन दहा मिनिटांचं तिकीट काढा, माउंटवर दर पाच सेकंदांनी तारीख-वेळ लिहिणारं लूप चालू करा आणि घड्याळ लावून बसा. सहाव्या मिनिटानंतर चाल बदलेल, दहाव्याच्या सुमारास एरर येईल. मग दुसऱ्या खिडकीत त्याच युजरने पुन्हा के-इनिट करा आणि बघा, लूप न थांबवता लिखाण परत सुरू होईल. पाच-दहा सेकंद लागतील, कारण नकार मिळाल्यावर कर्नेल थोडं थांबून मगच पुन्हा विचारतो. 'वेगळा युजर' हे शब्द गाळू नका. रोजच्या युजरवर चाचणी केली तर सकाळचा दहा तासांचा कॉन्टेक्स्ट कर्नेलजवळ पडलेला असतो, दहा मिनिटांचं तिकीट तो वापरतच नाही, आणि तुम्ही म्हणता "साहेब, इकडे तर काही मरत नाही." एका ट्रेनीला मी हे सांगायला विसरलो. त्याने अख्खी दुपार वाया घालवली.

आता दुरुस्ती. बसून काम करणाऱ्या माणसांसाठी एसएसएसडीला तिकीट रिन्यू करायला सांगा. दोन सेटिंग लागतात: रिन्यूएबल लाइफटाइम ७ दिवस (डिरेक्टरीचीही मूळ मर्यादा तेवढीच असते) आणि रिन्यू इंटरव्हल, समजा एक तास. दुसरी सेटिंग न दिल्यास एसएसएसडी काहीच रिन्यू करत नाही, आणि लोक नेमकी तीच विसरतात. दोन्ही दिल्यावर तिकिटाचं निम्मं आयुष्य सरलं की तो गुपचूप नवं करून ठेवतो. कर्नेलचा कॉन्टेक्स्ट संपला की जीएसएसडीला कॅशमध्ये ताजं तिकीट सापडतं आणि जॉबला कळतही नाही. शुक्रवारी लावलेला जॉब सोमवारपर्यंत जातो. फक्त हे लॉगिनच्या वेळी एसएसएसडीने स्वतः आणलेल्या तिकिटाला लागू आहे. हाताने के-इनिट करून आणलेल्याची जबाबदारी त्याच्यावर धरू नका.

रोज ठरलेल्या वेळी चालणाऱ्या जॉबला मात्र माणसाचं तिकीट वापरूच नये असं माझं मत आहे. त्यासाठी वेगळं सर्व्हिस खातं काढा, त्याची की-टॅब बनवा आणि जीएसएस-प्रॉक्सीच्या (जीएसएसडीच्या वतीने तिकीट आणणाऱ्या प्रोग्रॅमच्या) क्लायंट्स फोल्डरमध्ये युआयडीच्या नावाने ठेवा. मालक रूट, परवानगी ६००. जीएसएसडीच्या सेटिंगमध्ये 'यूज-जीएसएस-प्रॉक्सी' चालू असायला हवं. रेड हॅटच्या घराण्यातल्या सिस्टिमवर ते बहुधा चालूच असतं. मग तिकीट संपणं हा प्रकारच उरत नाही, लागेल तेव्हा प्रॉक्सी की-टॅबवरून नवं घेतो. सर्व्हिस खात्याला फक्त त्या एका फोल्डरचे हक्क द्या, कारण आता त्या मशीनवर ती की-टॅब म्हणजेच पासवर्ड आहे. आणि की-टॅब कोण बनवतो ते एकाच माणसावर ठेवा. विंडोजच्या बाजूला की-टॅब बनवताना खात्याचा पासवर्ड सहसा बदलतो, चावीचा आवृत्ती क्रमांक पुढे सरकतो आणि आधीची की-टॅब निकामी होते. एका ठिकाणी दोघे जण एकमेकांच्या नकळत 'नवीन की-टॅब बनवून दुरुस्त' करत होते. दर दुरुस्तीने दुसऱ्याचं बिघडत होतं, आणि दोघेही मनापासून काम करत होते.

काय करू नका, तेही सांगतो. तिकीट दहा दिवसांचं करू नका. जाणाऱ्या माणसाची तुमची दुसरी तक्रार त्याने दहा तासांवरून दहा दिवसांवर जाते. आणि "रात्रीपुरतं" सेक्युरिटी 'सिस'वर नेऊ नका. त्यात सर्व्हर क्लायंट म्हणेल त्या युआयडीवर विश्वास ठेवतो. कुणीही आपला लॅपटॉप जोडून त्यावर हवा तो युआयडी बनवला की झालं.

वेळेचा घोळ आधीच मिटवून ठेवा: क्लायंट आणि डोमेन कंट्रोलरच्या घड्याळांत ५ मिनिटांहून जास्त फरक पडला की कर्बेरॉस सरळ नकार देतं. क्रोनी (घड्याळ जुळवणारा प्रोग्रॅम) चालू आहे ना, एवढं बघा.

तुमच्याकडे विंडोजच्या शेअरवर एसएमबीचे (विंडोजच्या फाइल वाटण्याच्या पद्धतीचे) माउंटही असतील, नसतील तर येतीलच. तिथे चाल थोडी वेगळी. कर्नेल जीएसएसडीला नाही, तर की-रिंगमार्फत (स्वतःच्या चाव्यांच्या जुडग्यामार्फत) सीआयएफएस-अपकॉल नावाच्या मदतनिसाला हाक मारतो, आणि चावी सेशन जुळवतानाच एकदा ठरते. साइनिंग आणि एन्क्रिप्शनच्या चाव्या त्याच सेशन कीपासून बनतात. कनेक्शन टिकून आहे आणि सर्व्हर 'सेशन संपलं' म्हणत नाही तोवर सगळं आलबेल असतं. त्यामुळे तिकीट कधीचंच संपलेलं असलं तरी कुणाला पत्ता नसतो. मग मे महिन्यात वळवाचं वादळ येतं, लाइट जाते, यूपीएस नसलेला एक स्विच रीस्टार्ट होतो, कनेक्शन पुन्हा जुळवायची वेळ येते, तिकीट मागितलं जातं आणि ते नसतं. डी-मेसेजमध्ये (कर्नेलच्या लॉगमध्ये) सेशन सेटअपच्या ओळीत उणे १२६ दिसतो, म्हणजे 'लागणारी चावी उपलब्ध नाही'. १२७ असेल तर चावी आहे पण मुदत गेलेली. १२६ दिसला की लोक पासवर्ड तपासत बसतात. आधी त्या युजरची के-लिस्ट बघा, मग की-युटिल्स पॅकेज आहे का बघा, मग शेवटी पासवर्ड. बरेच युजर असतील तर माउंटला 'मल्टियुजर' द्या, नाहीतर ज्याने माउंट केलं त्याच्याच ओळखीने सगळे फिरत राहतात आणि ऑडिटला सगळ्या फाइली एकाच माणसाने उघडलेल्या दिसतात.

तुमच्याकडून आता मला दोनच गोष्टी हव्यात: मेलेल्या पाच जॉबच्या वेळा आणि त्या पाच जणांच्या लॉगिनच्या वेळा. फरक दहा तासांचा निघाला तर एसएसएसडीच्या त्या दोन ओळी टाका, सर्व्हिस रीस्टार्ट करा आणि त्या पाच जणांना एकदा लॉगआउट-लॉगिन करायला लावा, कारण आधीच हातात असलेली तिकिटं रिन्यूएबल म्हणून काढलेली नसतात. फरक दहा तासांचा नसेल, तर जीएसएसडी जास्त बोलका करून (डॅश-व्ही तीनदा) एका रात्रीचा लॉग पाठवा, बघतो.